पाळीव उंदराचे पळणे मंदावते तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत पाळीव प्राण्यांच्या आरोग्याविषयी नेमाने मजकूर येतो, परंतु तो बहुधा कुत्र्या-मांजरांपुरता असतो. उंदीर पाळणाऱ्यांना हमखास पडणारा प्रश्न असा, की काल-परवापर्यंत रात्रभर चाकावर पळणारा उंदीर एकाएकी पळेनासा झाला, किंवा नको तितका पळू लागला, तर त्याचा अर्थ काय लावायचा? ‘म्हातारा झाला’ किंवा ‘आळसावला’ असे म्हणून आपण विषय सोडून देतो आणि उपचाराला उपयोगी पडले असते असे दिवस हातचे घालवतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

चाकावर पळणे हा पिंजऱ्यातल्या कंटाळ्यातून जडलेला चाळा आहे, असे अनेकांना वाटते. नेदरलँड्समधील संशोधकांनी उघड्यावर चाके ठेवून पाहिली, तेव्हा रानातले उंदीरही आपणहून त्यांवर चढून पळाले, आणि जवळचे खाद्य काढून घेतल्यावरही त्यांचे पळणे थांबले नाही; हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. निरोगी उंदीर एका रात्रीत काही किलोमीटर सहज पळतो, त्यामुळे या सवयीत पडलेला फरक दखल घेण्याजोगा असतो.

शंका आली की आधी चाक तपासावे. आसात भुसा अडकला असेल, चाकाची जागा बदलली असेल, खोलीत रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असेल किंवा सोबतचा दांडगा उंदीर चाकाजवळ फिरकू देत नसेल, तरी पळणे कमी होते. आपल्याला ऐकूच न येणारे उच्च स्वर उंदराला ऐकू येतात, म्हणून पिंजऱ्याशेजारी नव्याने आलेल्या विद्युत उपकरणावरही संशय घ्यावा. मादी माजावर येते त्या रात्री अधिक पळते आणि हे चक्र चार-पाच दिवसांचे असते. त्यामुळे एका रात्रीच्या चढउताराने घाबरून जाण्याचे कारण नाही.

वय हे कारण खरे असते, पण वयाने येणारा मंदपणा आठवड्या-आठवड्याने वाढत जातो. पाळीव उंदराचे आयुष्यच साधारण दोन वर्षांचे. दोन-तीन रात्रींत चाक थांबले आणि जोडीला पाठीला कुबड, पिंजारलेले केस, अर्धवट मिटलेले डोळे, श्वासाबरोबर टकटक आवाज किंवा डोळ्या-नाकाभोवती तांबूस स्राव दिसला, तर तो आजारच समजावा. माझ्याकडील मादीचे पळणे थांबले, तेव्हा मी आठवडाभर वयालाच दोष देत राहिलो. तिच्या श्वसनमार्गाला संसर्ग झाला होता आणि मी तिला पशुवैद्याकडे फार उशिरा नेले. त्या आठवड्याची खंत मला आजही आहे.

पळणे वाढते तेव्हा मात्र आपण कौतुक करतो, आणि मला अधिक काळजी वाटते ती त्याचीच. खाणे अपुरे पडले की उंदीर अधिक पळतो, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. पिंजऱ्यातील दुसरा उंदीर खाद्य बळकावत असेल, तर उपाशी राहणारा उंदीरच सर्वांत उत्साही दिसू शकतो. अशा वेळी चाक काढून घेण्यापेक्षा वजन करावे, कारण तीस ग्रॅमच्या जिवाचे तीन ग्रॅम घटले, तर शरीराचा दहावा हिस्सा गेलेला असतो.

सायकलला लावतात तो चुंबकाचा अंतरमापक चाकाला बसवता येतो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचे सुमारे सोळाशे फेरे म्हणजे एक किलोमीटर. रात्री पाहायचेच असेल, तर मंद लाल दिवा वापरावा. लाल प्रकाश उंदराला जेमतेम दिसतो. रोजचे फेरे आणि आठवड्याचे वजन एका वहीत लिहून ठेवावे आणि पशुवैद्याकडे जाताना ती वही सोबत न्यावी. उंदीर हा शिकार होणारा प्राणी असल्याने परक्या जागी तो आपले दुखणे लपवतो, आणि तपासणीच्या टेबलावर कान टवकारून बसलेला उंदीर गेल्या चार रात्री चाकावर चढलेलाच नाही, हे डॉक्टरांना त्या वहीतूनच कळते.

आपला,
एक वाचक