आबा, तंबूतला मेलेला माणूस का हलत नाही ते तुम्ही सांगितलंत

तीर्थस्वरूप आबांना,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तोंडावर आभार मानायला आले की तुम्ही "बास, बास, च्या घे" म्हणून विषय बदलता. फोनवर मानले तर फोन माईंच्या हातात देता. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. इथे तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

वाचणाऱ्यांना थोडी ओळख करून द्यायला हवी. आबा आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. गाव सातारा जिल्ह्यातलं, नोकरी फौजेतली, हवालदार क्लर्क म्हणून निवृत्त. बंदुकीपेक्षा टाइपरायटर जास्त चालवला असं स्वतःच सांगतात. मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. एम.ए.च्या वर्गाला अमेरिकन युद्धविरोधी कादंबऱ्या शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण कायम नोकरीतल्या कोणालाच ते नको होतं. जोसेफ हेलरची 'कॅच-२२' (१९६१) आणि कर्ट व्हॉनेगटची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' (१९६९). मी नोट्स काढल्या. ब्लॅक ह्यूमर, विसंगती, तुटक कथन, सगळं फळ्यावर लिहिलं. तिसऱ्या तासाला मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, पण यात हसायचं कुठे?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं म्हणजे मीही तोवर एकदाही हसले नव्हते.

त्या संध्याकाळी लाइट गेले होते आणि मी जिन्यात बसून मोबाइलच्या उजेडात पुस्तक चाळत होते. तुम्ही विचारलंत, "एवढं काय वाचतीस?" मी कंटाळून सांगितलं. दुसरं महायुद्ध, इटलीजवळचं पियानोसा नावाचं बेट, अमेरिकन बाँबफेकी विमानांचं पथक. योसारियन नावाचा माणूस आहे, त्याला मरायचं नाही. वेड लागलेल्या माणसाला विमानातून उतरवता येतं, फक्त त्याने तशी मागणी करायला हवी. पण मागणी केली की त्याला जिवाची काळजी आहे हे दिसतं, म्हणजे तो शहाणा, म्हणजे उडायला लायक. या नियमाचं नाव कॅच-२२.

तुम्ही खो खो हसलात. "आगं, ही तर ग्यानबाची मेख!"

आबा, मी पंधरा मिनिटं वर्गात 'तार्किक विरोधाभास' समजावत होते हो. पोरांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नव्हती. दुसऱ्या दिवशी 'ग्यानबाची मेख नंबर बावीस' म्हटलं आणि पहिल्यांदा वर्गातून खुसखुस ऐकू आली. योसारियनला ही मेख कळते तेव्हा तो चिडत नाही, एखाद्या कसबी सुताराचं काम बघावं तसं तिचं कौतुक करतो. ते कौतुकही मला तुमच्या हसण्यातूनच कळलं.

मग रोजचं ठरून गेलं. संध्याकाळी साडेसहा, तुमची खोली, मी इंग्रजीतून वाचत मराठीत सांगायचं, माई आत भाजी निवडत ऐकणार.

मडचा किस्सा आठवतो? योसारियनच्या तंबूत एक मेलेला माणूस राहतो. म्हणजे त्याचं सामान पडलंय. तो नवा आला, कचेरीत हजेरी लावण्याआधीच त्याला ऑर्व्हिएटोच्या मोहिमेवर पाठवलं आणि तो मेला. आता सामान कोणी हलवत नाही, कारण कागदोपत्री तो कधी आलाच नाही. मी ही जागा 'अतिशयोक्ती' म्हणून पेन्सिलीने खूण करून ठेवली होती. तुम्ही चष्मा काढून शांतपणे म्हणालात, "टीओएसच झाला न्हाई, तर एसओएस कसा करायचा?" टेकन ऑन स्ट्रेंथ, स्ट्रक ऑफ स्ट्रेंथ. नफरीत, म्हणजे पटावर, घेतल्याशिवाय नफरीतून काढता येत नाही. तुमच्या मते कचेरी सांभाळणाऱ्या त्या टाउझर सार्जंटचं काही चुकलेलं नव्हतं. मग तुम्ही पार्ट टू ऑर्डरचं सांगितलंत. फौजेत जवानाच्या बाबतीत जे काही घडेल त्याची नोंद 'कॅज्युअल्टी' म्हणून होते. रजेवर गेला, कॅज्युअल्टी. लग्न झालं, कॅज्युअल्टी. पोरगी झाली, कॅज्युअल्टी. "आमच्या लग्नाची मीच टाइप केली," म्हणालात, आणि आतून माईंचा आवाज आला, "बरोबरच लिवलं होतं!"

मी घरी जाऊन 'अतिशयोक्ती' खोडलं. हेलरने वाढवून काही लिहिलेलंच नव्हतं. तो स्वतः बी-२५ विमानातला बाँब सोडणारा होता, कॉर्सिका बेटावरून ६० मोहिमा करून परतलेला. फौजेची भाषा त्याने जशीच्या तशी उतरवली आणि आपण तिला विनोद म्हणतो.

डॉक्टर डॅनिकाचं प्रकरण तर तुम्ही दोनदा वाचायला लावलंत. या डॉक्टरला विमानाची भीती, पण उड्डाणाचा भत्ता हवा. म्हणून तो मॅकवॉट नावाच्या वैमानिकाच्या विमानाच्या यादीत नुसतं नाव घालून घेतो. एक दिवस मॅकवॉट विमान डोंगरावर घालतो. यादीत नाव आहे, म्हणजे डॉक्टर मेला. डॉक्टर तिथेच जमिनीवर उभा आहे, सगळ्यांना दिसतोय, पण पगार बंद, रेशन बंद. मला सारखी थंडी वाजते म्हणतो, तर त्याचेच हाताखालचे लोक सांगतात, साहेब, मेलात म्हणूनच वाजत असेल.

इथे तुम्ही हसलात आणि लगेच स्वतःची गोष्ट काढलीत. पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. एका वर्षी यंत्रावर तुमचा अंगठा उमटेना. टाइपरायटरने घासलेली बोटं ती, रेषा कुठून आणणार? काउंटरवरची मुलगी बिचारी अगदी नम्रपणे म्हणाली, "काका, तुम्ही आहात ते मला दिसतंय हो, पण सिस्टीमला दिसत नाही." तुमचा अभिनय बघून माई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

पुढच्याच पानावर डॅनिकाच्या बायकोला वरिष्ठ अधिकारी कर्नल कॅथकार्टचं सांत्वनाचं पत्र येतं. छापील. प्रिय श्रीमती, श्री., कुमारी किंवा श्री. व श्रीमती डॅनिका, आपले पती, पुत्र, वडील किंवा भाऊ मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, तेव्हा मला जे दुःख झालं ते शब्दांत सांगता येत नाही. मी हसत हसत वाचत होते. वर बघितलं तर तुम्ही हसत नव्हता.

"खोडायचं राह्यलं त्याचं," एवढंच म्हणालात.

बऱ्याच वेळाने सांगितलंत. १९७१ च्या डिसेंबरात तुम्ही बाविशीचे होता आणि अशी पत्रं टाइप करायला बसवलं होतं. नमुना ठरलेला, फक्त नाव, नंबर आणि नातं बदलायचं. एकदा आईच्या जागी पत्नी पडलं. साहेबांच्या सहीला जाण्याआधी तुमच्याच नजरेला आलं, नवा कागद चढवलात. त्यानंतर प्रत्येक पत्र तीनदा वाचायचात. "लागू नसेल ते खोडावे, असं फॉर्मवर असतंय बघ. ते खोडणं म्हंजेच सगळी माणुसकी असती तिथं." त्या दिवशी आपण पुढे वाचलं नाही.

मायलो मिंडरबाइंडरबद्दल मात्र आपलं शेवटपर्यंत पटलं नाही. माल्टात सात सेंटला अंडं घेऊन मेसला पाच सेंटला विकणारा आणि तरी नफ्यात राहणारा हा मेस ऑफिसर मला कादंबरीतला सर्वांत धारदार भाग वाटतो. माल्टात विकणाराही तोच असतो. पुढे तर जर्मनांशी करार करून स्वतःच्याच तळावर बाँब टाकतो. तुम्ही म्हणालात, "असले आपुन गावात पण बघतो, ह्याला लढाई कशाला लागती?" असो.

आता मुख्य गोष्ट. तुमचा तो कागद.

कादंबरी पुढेमागे उड्या मारते, काळाचा पत्ता लागत नाही. मी फळ्यावर बाण काढून काढून थकले होते. तुम्ही पहिल्याच आठवड्यात जुन्या लाइट बिलाच्या पाठीवर रेघा मारून तक्ता केलात आणि दर प्रकरणाला विचारायचात, "मोहिमा किती झाल्या? आकडा सांग." कर्नल कॅथकार्ट घरी जायला लागणाऱ्या मोहिमांची संख्या वाढवतच नेतो. पन्नास, पंचावन्न, साठ, पुढे ऐंशीपर्यंत. तुमचं म्हणणं, तारीख नसली तरी आकडा आहे ना, मग नोंद लागते. आणि लागली! कुठला प्रसंग आधीचा, कुठला नंतरचा, ते त्या बिलावर सरळ दिसायला लागलं.

स्नोडेन पुस्तकभर तुकड्यातुकड्यांनी येतो. फ्रान्समधल्या अविन्योंवरच्या मोहिमेत जखमी झालेला पोरगा, विमानाच्या मागच्या भागात पडलेला, मला थंडी वाजतेय म्हणणारा. पूर्ण प्रसंग अगदी शेवटाकडे सांगितलाय. योसारियन त्याच्या मांडीची जखम नीट बांधतो, स्वतःच्या कामावर खूश होतो, आणि मग त्याच्या संरक्षक जाकिटाची चेन उघडतो. आतलं सगळं बाहेर सांडतं. दुपारी खाल्लेले टोमॅटोसुद्धा. योसारियन त्याला नुसतं 'उगी, उगी' करत राहतो.

मी वाचून पुस्तक मिटलं. तुम्ही बिल उलटसुलट करून बघत होता. मग बोट ठेवून म्हणालात, "आगं, पण हा तर पहिल्या पानाच्या आधीच मेलाय."

अंगावर काटा आला माझ्या. योसारियन दवाखान्यात लिव्हरच्या खोट्या दुखण्यावर पडून राहतो, पत्रं सेन्सॉर करताना कंटाळून फक्त विशेषणं खोडत बसतो, पदक घ्यायला नागडा उभा राहतो. ज्या ज्या जागी मी वर्गाला 'विनोद' म्हणून थांबवलं होतं, त्या सगळ्या जागा त्या जाकिटाच्या चेनीनंतरच्या होत्या. समीक्षेत हे लिहिलेलं असेलच, मी वाचलंही असेन. कळलं मात्र लाइट बिलावर. अविन्योंवर ऑगस्ट १९४४ मध्ये हेलरच्या विमानातला एक गनर खरोखरच मांडीला जखमी झाला होता आणि हेलरनेच मलमपट्टी केली होती. तो गनर वाचला. हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही "हां, मग ठीक" म्हणालात, जणू तुमच्याच युनिटातला होता.

व्हॉनेगटच्या वेळी मात्र भाव खाल्ला माईंनी. पहिल्याच प्रकरणात लेखक जुन्या सोबत्याकडे युद्धाच्या आठवणी काढायला जातो आणि सोबत्याची बायको, मेरी ओहेअर, बर्फाचा ट्रे सिंकमध्ये आपटते, खुर्च्या सरकवते, शेवटी भडकते. तेव्हा तुम्ही पोरं होता नुसती, आणि आता पुस्तकात मोठे वीर दाखवणार! माई गवारीचं ताट घेऊन दारात आल्या. "बरोबर बोलली ती." लेखकालाही ते पटलं. पुस्तकाच्या नावाला त्याने 'मुलांची धर्मयुद्धयात्रा' असं शेपूट जोडलं आणि पुस्तक तिला आणि ड्रेस्डेनच्या एका टॅक्सीवाल्याला अर्पण केलं.

हा माणूस ड्रेस्डेनमध्ये युद्धकैदी होता. १९४५ च्या फेब्रुवारीत दोस्तांच्याच विमानांनी शहर जाळलं तेव्हा कत्तलखान्याच्या तळघरात होता म्हणून वाचला. मग त्याला ढिगाऱ्यांतून प्रेतं काढायला लावलं. हे लिहायला त्याला चोवीस वर्षं लागली. कोणीही मेलं, माणूस असो की शँपेनमधले बुडबुडे, की तो तेच तीन शब्द लिहितो, 'सो इट गोज'. मी 'असे असते', 'हे असेच चालते' वगैरे करून बघत होते. तुम्ही न विचारता म्हणालात, "चालायचंच." मयताला गेल्यावर म्हणता तसं, तोंड जरा बाजूला करून. वर्गात आता तोच अनुवाद आहे.

त्याच रात्री तुम्ही वडिलांचं काढलंत. मराठा पलटणीतून १९४४ मध्ये इटलीत होते. त्याच उन्हाळ्यात वरून हेलर पूल पाडत होता, आणि १० जुलैला टायबरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे पडले, ज्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वडिलांना विचारलं, किती जर्मन मारले, की ते दरवेळी एकच गोष्ट सांगायचे. एका खेचराने साहेबाची टोपी खाल्ली. बस्स. लहानपणी तुम्हाला ती गोष्ट फार विनोदी वाटायची.

"आता न्हाई वाटत," म्हणालात.

नोव्हेंबर आलाच आहे. या वेळी बँकेत मी बरोबर येते. अंगठा नाही उमटला तर साक्षीला असेन. डॅनिकाची बायको तर पत्ता न ठेवता मिशिगनला निघून गेली होती, तसं माई काही करणार नाहीत, पण त्यांचे गुडघे दुखतात.

आपली,
वरच्या मजल्यावरची मास्तरीण

ता. क. ते लाइट बिल माझ्या पुस्तकात आहे. मागितलंत तरी देणार नाही.