माझ्या मनगटाचा कोन मोजलात, माझी सकाळ कोण मोजणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

संधिवाताच्या रुग्णांचं अपंगत्व ठरवताना यापुढे फक्त सांध्यांची हालचाल बघितली जाणार नाही, रोजच्या जगण्यावर झालेला परिणामही धरला जाईल, असा शब्द आपण भर सभागृहात दिला होता. त्या शब्दावर विसंबून मी फेरतपासणीचा अर्ज केला. परवा निकाल हातात पडला. अपंगत्वाच्या दाखल्याला लागणाऱ्या किमान टक्केवारीत मी बसत नाही. शेरा असा: ‘मनगट व बोटांची हालचाल समाधानकारक. चालता येते.’

तपासणी कशी झाली तेही ऐका. वेळ दुपारची. सकाळच्या गोळ्यांचा असर झालेला, सांधे त्यातल्या त्यात मोकळे झालेले. डॉक्टरांनी मनगटाला गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, लावला, हात वर-खाली करायला लावला, कोन वाचला, लिहिला. मूठ मिटा म्हणाले, मी मिटली. त्या मुठीत जोर किती उरलाय हे कोणी पाहिलं नाही. चपला काढायलाही सांगितलं नाही, म्हणजे एकमेकांवर चढलेली पायाची बोटं कोणाच्या नजरेलाच पडली नाहीत. दारापासून टेबलापर्यंत मी काठी टेकत गेले, तेवढ्यावर ‘चालता येते’ झालं.

मंत्रिमहोदय, हीच काठी जगभरातल्या संधिवाताच्या दवाखान्यांत नेमकी उलट धरतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स फ्राइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली ‘हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर’ ही प्रश्नावली १९८० साली प्रसिद्ध झाली. कपडे घालणं, उठणं, जेवणं, चालणं, अंघोळ, उंचावरची वस्तू काढणं, पकड, घरातली-बाहेरची कामं अशा ८ गटांत २० प्रश्न. गेल्या आठवड्यात हे काम कितपत जमलं एवढंच विचारतात. विनासायास जमलं तर ०, मुळीच जमलं नाही तर ३. आणि काठी लागली किंवा कोणाचा हात धरावा लागला, तर त्या गटाचा गुण २ च्या खाली येऊ देत नाहीत. आधाराशिवाय जमत नाही, यालाच तिथे अपंगत्व म्हणतात. तुमच्या तपासणी मंडळाने माझा आधार बघितला आणि मला धडधाकट ठरवलं.

आता माझी सकाळ सांगते, कारण ती तुमच्या एकाही रकान्यात नाही. जाग येते तेव्हा बोटं आखडलेली असतात. अंगावरचं पांघरूण बोटांनी धरता येत नाही, कोपराने ढकलावं लागतं. नळ मी तळहाताच्या कडेने फिरवते, आणि रात्री कोणी तो घट्ट बंद केला असेल तर तिथेच उभी राहते. दात घासताना ब्रश निसटतो. कमोडवरून उठताना भिंतीला हात टेकावा तर मनगटातून कळ जाते, न टेकावा तर गुडघे उचलत नाहीत. एक बटण काजात घालायचं म्हणजे अंगठ्याने आणि तर्जनीने ते नुसतं धरायचं, आणि तेवढंच मला येत नाही. माझी मुलगी शाळेत जाण्याआधी माझे केस बांधते. खरं तर तिचे मी बांधायला हवेत. हे सगळं होईस्तोवर दोन-दोन तास जातात आणि अंगातलं बळ दिवस सुरू होण्याआधीच संपलेलं असतं. हा काही माझा लहरीपणा नाही. इंटरल्युकिन-६ सारखी दाह वाढवणारी द्रव्यं या आजारात पहाटेच्या सुमारास चढतात, म्हणून सांधे सकाळी धरतात. वैद्यकशास्त्राला हे ठाऊक आहे. तुमचं मंडळ मात्र दुपारी बसतं.

आणि डॉक्टरांनी ‘घरकामात काही अडचण?’ असं विचारलं असतं, तरी मी कदाचित नाहीच म्हटलं असतं. भरलेलं भांडं उचलणं मी कधीच सोडून दिलंय. जे काम आपण टाकून दिलं त्यात अडचण कुठून येणार? म्हणूनच एकेका कामाचं नाव घेऊन विचारावं लागतं.

थकव्याचंही तसंच. संधिवातात काय काय मोजायचं हे ठरवणाऱ्या ‘ओमेरॅक्ट’ या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २००२ च्या परिषदेत रुग्णांना सोबत बसवलं, तेव्हा रुग्णांनी सांगितलं की आम्हाला दुखण्याइतकाच थकवा खातो. त्यांचं ऐकलं गेलं, थकवा मोजायला सुरुवात झाली. त्याआधी १९९७ मध्येच खास ऱ्हुमेटॉइड संधिवाताच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते त्या संधिवाताच्या, रुग्णांसाठी ३० प्रश्नांची जीवनमानाची प्रश्नावली आली होती. उत्तरं फक्त हो किंवा नाही. साधनं तयार आहेत, तुम्हाला काही शोधून काढायचं नाही.

‘लोक प्रश्नावलीत खोटं लिहितील’, असं मला तुमच्या खात्यातल्या एका अधिकाऱ्यांनी तोंडावर सांगितलं. हा शब्द मला कोनाच्या आकड्यापेक्षा जास्त लागला. माझ्या आजाराचा जोर ज्या ‘डास-२८’ (DAS28) या गुणांकाने मोजतात, त्यात २८ सांधे आणि रक्ताचा अहवाल यांच्या जोडीला मी स्वतः ० ते १०० मध्ये दिलेला गुणही धरतात. त्या आकड्यावरून माझी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढतात, बदलतात. म्हणजे शरीरात विष-अमृत काय घालायचं ते माझ्या सांगण्यावरून ठरतं, आणि दाखला द्यायची वेळ आली की मी खोटारडी? इतका संशय असेल तर मुठीचा जोर मोजायला डायनामोमीटर आहे. बटण लावायला आणि चालायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून बघा. मी तयार आहे.

पण प्रश्न उपकरणाचा नाहीच. कोन फायलीत बसतो, त्याची जबाबदारी कोणावर येत नाही. माणसाचं म्हणणं ऐकलं तर निर्णय घ्यावा लागतो, सही करावी लागते. म्हणून ही सगळी यंत्रणा आधी नागरिकावर अविश्वास दाखवते आणि मग त्यालाच पुरावे गोळा करत फिरवते. अर्जाच्या प्रत्येक पानावर सही मागितली होती, त्या हाताने! जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये जगात १ कोटी ८० लाख लोकांना ऱ्हुमेटॉइड संधिवात होता, त्यात सुमारे ७० टक्के बायका. आमची निम्मी कामं घरातली. पगार नाही म्हणून ती बंद पडली तरी कोणाच्या हिशेबात नुकसान दिसत नाही. पाहणारे, मोजणारे, ठरवणारे सगळे टेबलाच्या पलीकडचे, आणि त्यांना आमचं दुखणं दिसायला आमची हाडं आधी वाकडी व्हावी लागतात. तोवर उशीर झालेला असतो. वाकडं झालेलं हाड औषधाने सरळ होत नाही.

दिलेला शब्द परिपत्रकात उतरवा. रोजच्या कामांची आणि जीवनमानाची प्रश्नावली तपासणीत सक्तीची करा, पावलं तपासा, मंडळावर संधिवाततज्ज्ञ नेमा, आणि आधार घेऊन केलेलं काम ‘जमतं’ म्हणून लिहू नका. २० प्रश्नांना पाच-दहा मिनिटं लागतात. माझी फेरतपासणी पुन्हा करा, आणि या वेळी मला सकाळी आठला बोलवा. तुमचं उत्तर मला लेखी हवं आहे.

आपली,
संधिवात असलेली एक नागरिक