ताईला, पर्समधल्या पिस्तुलाबद्दल

सातारा,
आषाढ शुद्ध द्वादशी

चि. सौ. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर तू सांगितलंस आणि मी काही न बोलता फोन आईकडे दिला. तुला वाटलं असेल, आप्पा रागावले. रागावलो नव्हतो. एकदम इतकं मनात आलं की कुठून सुरुवात करावी तेच कळेना. फोनवर तू मध्येच "हो आप्पा, कळलं" म्हणतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून पत्र लिहितोय. पूर्ण वाच.

तू म्हणालीस, "आप्पा, आता मीही तुमच्यासारखी पिस्तूल बाळगते." रात्रपाळीला जाताना ते पर्समध्ये असतं, औषधांच्या काउंटरमागे तुझ्याजवळ असतं, आणि दुकानात ते कुणालाही माहीत नाही. कंपनीच्या नियमांत मनाई आहे, त्या नियमांखाली तुझी सही आहे, हेही तूच सांगितलंस. तुझ्या आवाजात थोडा अभिमान होता. बापाला आवडेल असं वाटलं असेल तुला.

आधी तुझ्या भीतीबद्दल बोलतो, कारण ती खरी आहे. नशा आणणारं कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाची बनावट चिठ्ठी तू परत केलीस. तो माणूस "तुझी गाडी मी ओळखतो" म्हणून गेला आणि नंतर दोनदा पार्किंगमध्ये उभा दिसला. पोलिसातल्या नोकरीच्या ३४ वर्षांत असली माणसं मी खूप पाहिली. बरेचजण नुसतं बोलतात, पण सगळे नाहीत. रात्री दहाला तू तिकडे टेक्सासात कामावर हजर होतेस तेव्हा इथे सकाळचे साडेआठ झालेले असतात. त्या वेळी माझा चहा आता कपात निवतो, कारण लक्ष घड्याळाकडे असतं. तेव्हा तू उगाच घाबरतेस असं मी म्हणणार नाही.

तू बेकायदा काही केलंस असंही मला म्हणायचं नाही. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला, इतर कुठली कायदेशीर बंदी नसेल तर, परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते. तू तर परवानाही काढलास, वर्गात बसलीस, ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० राउंड मारून परीक्षा दिलीस. आमच्याकडे निवडणूक लागली की बऱ्याच परवानाधारकांना आपली शस्त्रं ठाण्यात आणून जमा करावी लागतात. त्या मुलखातून आलेल्या मला तुमचा कायदा पचायला वेळ लागतो. पण कायदा तो कायदा. माझा प्रश्न दुकानाच्या दारापासून पुढचा आहे.

गेले आठ दिवस मी तपासाला घेतलेल्या गुन्ह्यासारखं हे प्रकरण वाचत बसलोय. शेजारच्या वकिलांच्या मुलाने इंग्रजी कागद काढून दिले, अडेल तिथे समजावून सांगितलं. टेक्सासच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की शस्त्रपरवान्याच्या तरतुदींमुळे मालकाचा अधिकार जात नाही. आपल्या जागेत पिस्तूल आणू नका असं तो परवानाधारक नोकरालाही सांगू शकतो. पार्किंगचं मात्र वेगळं आहे. २०११ सालच्या कायद्याने, नोकराने स्वतःच्या कुलूपबंद गाडीत कायदेशीर शस्त्र ठेवलं तर बहुतेक मालकांना त्यावर बंदी घालता येत नाही. शाळा आणि काही रसायनांचे, तेलाचे कारखाने त्यातून वगळलेत. कंपनीच्या मालकीच्या गाडीलाही ती सवलत नाही.

हा पार्किंगचा वाद सुरू झाला शेजारच्या ओक्लाहोमात. २००२ साली व्हॅलियंट नावाच्या छोट्या गावात, कागदाच्या कारखान्याच्या पार्किंगमध्ये कुत्री आणून गाड्या हुंगवल्या आणि ज्यांच्या गाडीत शिकारीच्या वगैरे बंदुका निघाल्या त्या कामगारांना काढून टाकलं. लोक चिडले, २००४ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, कंपन्या कोर्टात गेल्या, आणि शेवटी २००९ मध्ये अपील कोर्टाने तो कायदा टिकवला. इतकी वर्षं भांडून नोकरांना मिळालं काय, तर गाडीच्या दरवाजापर्यंतचा हक्क. त्यापुढे मालकाचं राज्य.

आता मिशिगनची हकिकत सांगतो. ती वाचल्यापासून मला नीट झोप नाही, कारण तो माणूस तुझ्याच धंद्यातला. औषधदुकानांच्या एका मोठ्या साखळीत रात्रपाळीचा फार्मासिस्ट. त्याच्या दुकानावर आधी एकदा दरोडा पडला होता. बंदोबस्त वाढवा अशी त्याची मागणी होती. तो मिळाला नाही, तेव्हा त्याने परवाना काढून पिस्तूल जवळ ठेवायला सुरुवात केली. मे २०११ मध्ये पहाटे साडेचारच्या सुमारास तोंड झाकलेले दोन हत्यारबंद लोक आत शिरले, एकाने काउंटरवरून उडी मारली. याने गोळ्या झाडल्या. कुणाला लागलं नाही, दरोडेखोर पळाले, सगळे जिवंत राहिले. काही दिवसांतच कंपनीने त्याला नोकरीवरून काढलं. तो कोर्टात गेला, आणि २०१४ मध्ये अपील कोर्टातही हरला. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, शस्त्राचाही आहे, पण ते हक्क सरकारविरुद्ध. खासगी मालकाने नोकरी द्यावी की न द्यावी यात ते येत नाहीत, असा एकूण निकालाचा अर्थ. पुढच्याच वर्षी युटाच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळं म्हटलं: जिवावर बेतलं असेल आणि मागे हटायला वाटच नसेल, तर स्वतःला वाचवल्याबद्दल नोकरीवरून काढता येणार नाही. पण तो युटाचा निकाल, आणि तोही तेवढ्याच परिस्थितीपुरता. तू टेक्सासात आहेस.

मिशिगनच्या त्या माणसाबद्दल मला फार वाईट वाटलं. नियम करणारे रात्री आपापल्या घरी झोपलेले असतात आणि पहाटे साडेचारला काउंटरवर एकटा उभा राहतो तो दुसराच कुणीतरी. हे मी नोकरीभर पाहिलं. तुझ्या कंपनीवर माझा राग आहे, तो लपवत नाही. तरीही ते पिस्तूल आत नेऊ नकोस म्हणून हे पत्र लिहितोय. त्याचं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही.

तू तेव्हा दुसरीत होतीस. मी नवा फौजदार. वारीचा बंदोबस्त, तीन दिवस अंगावरचा गणवेश उतरला नव्हता. पालखी पुढे गेल्यावर वाटेवरच्या एका गावच्या विश्रामगृहात पहाटे मी संडासला गेलो. पट्टा काढला, रिव्हॉल्वर होल्स्टरसकट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. तोंड धुतलं, बाहेर आलो, पट्टा चढवला आणि जीपमध्ये बसलो. होल्स्टर तिथेच. सहा राउंड भरलेलं. दहाएक मिनिटांनी जीप निघणार इतक्यात झाडलोट करणारी बाई पदराखाली काहीतरी धरून धावत आली. "साहेब, हे तुमचंच ना?" तिने ते दोन्ही हातांवर असं धरलं होतं जसं तान्हं मूल धरतात. मी घेतलं आणि ड्रायव्हरला चल म्हणालो. तिचं नाव विचारलं नाही. त्या विश्रामगृहात वारकऱ्यांची दहा-बारा पोरं मुक्कामाला होती.

मला वर्षाला सराव होता. वर साहेब होते. शस्त्रागाराच्या वहीत माझ्या नावापुढे रिव्हॉल्वरचा नंबर आणि राउंडची संख्या लिहिलेली होती, आणि परत करताना हवालदार एकेक राउंड मोजून घ्यायचा. म्हणजे ते माझ्या कमरेला आहे हे माझ्याशिवाय निदान चार माणसांना पक्कं ठाऊक असायचं. एवढं सगळं असून मी ते संडासात विसरलो. तुझ्या पर्समधल्या पिस्तुलाची कुठल्याच वहीत नोंद नाही. तू थकलेली असशील, सात रात्रींची पाळी असेल, सहावी रात्र असेल, आणि पर्स ब्रेक रूममधल्या खुर्चीवर राहील. बरोबरची कुणी पोरगी फोनचा चार्जर शोधायला त्यात हात घालेल. त्या पोरीला तुझ्या पर्समध्ये काय आहे याची कल्पनाही नसेल.

काउंटरवर तुझ्याबरोबर काम करणारी ती टेक्निशियन मुलगी, जिच्यासाठी तू दिवाळीत चकली नेलीस, तिला तरी विचारलंस का, की तुझ्यापासून दोन हातांवर भरलेलं शस्त्र असलं तर चालेल का? नियम कंपनीचा असेल, पण तिनेही त्याच भरवशावर नोकरी धरली असेल. आणि गोळी सुटलीच तर काउंटरमागे जागा किती असते? तिथे मी उभा राहून पाहिलंय. तुमच्याकडच्या त्या भिंती विटांच्या नाहीत, चौकटीवर ठोकलेल्या जिप्समच्या आहेत. नऊ एमएमची गोळी त्यांतून आरपार जाते. पलीकडे लस घ्यायला आलेलं माणूस बसलेलं असतं.

दोन गोष्टी निव्वळ पोलीस म्हणून सांगतो. पहिली, दुकानाच्या दारावर ३०.०६ कलमाची, म्हणजे परवानाधारकांनाही झाकलेलं पिस्तूल आत आणायला मनाई करणारी, पाटी आहे का बघ. निदान एक इंच उंचीची अक्षरं, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. ती असेल तर परवानाधारकानेही झाकून पिस्तूल आत नेणं नुसता नियमभंग राहत नाही, गुन्हा होतो. आणि तोच मजकूर कागदावर हातात दिला तरी नोटीस पोचली असं धरतात. तू सही केलेल्या कागदात नेमके शब्द कुठले आहेत, ते आजच काढून वाच. दंड छोटा असेल, पण तू अजून ग्रीन कार्डवर आहेस. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढायची तरतूद तिथल्या कायद्यात आहे. बारा वर्षांचं बांधलेलं घर एवढ्यावर टांगू नकोस.

दुसरी गोष्ट जावईबापूंच्या धाकट्या भावाची. तो नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आहे आणि तुमची गाडी चालवतो. त्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या ताब्यात ठेवणं हा फेडरल गुन्हा आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर सुटका नाही. तुझं पिस्तूल गाडीत असताना तो किराणा आणायला गेला आणि वाटेत पोलिसांनी थांबवलं तर? त्याला तर माहीतही नसेल. हे वाचून झाल्यावर आधी त्याच्याशी आणि जावईबापूंशी बोल.

ते विकून टाक असं मी म्हणत नाही. तुझं आहे, कायद्याने घेतलंस. घरी लोखंडी पेटीत, कुलपात ठेव. पार्किंगपर्यंत न्यायचंच असेल तर सीटच्या लोखंडाला वायरने जखडलेली छोटी पेटी गाडीत बसवून घे, चावी फक्त तुझ्याकडे, ती गाडी दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, आणि पार्किंगमध्ये ते बाहेर काढून पेटीत टाकत बसू नकोस. घरूनच पेटीत ठेवून निघ. दारातून आत मात्र नको.

आणि कंपनीला लेखी दे. तोंडी नाही. १९७० च्या कामगार सुरक्षेच्या कायद्याप्रमाणे माहीत असलेल्या जीवघेण्या धोक्यापासून कामाची जागा मोकळी ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. धोका माहीत नव्हता असं त्यांना म्हणता येऊ नये, एवढ्यासाठी कागद हवा. पंचनाम्यासारखं लिही: तारीख, वेळ, तो काय बोलला ते जसंच्या तसं, गाडीचा रंग, दोन्ही वेळा कुठे उभा होता, कॅमेरा कुठल्या बाजूला आहे. मागण्या तीन कर. पाळी सुरू होताना आणि सुटताना गाडीपर्यंत सोबत. दुकानाच्या दारासमोरची दिव्याखालची जागा. काही आठवडे दिवसपाळी. पोलिसांत तक्रार दिलीस का, ते तू सांगितलं नाहीस. नसेल दिली तर उद्या दे आणि तिचा नंबर कंपनीच्या पत्रात घाल. कंपनीने पंधरा दिवसांत काहीच केलं नाही तर ती नोकरी सोड. पगाराची चिंता करू नकोस. माझी पेन्शन आहे, वरच्या मजल्याचं भाडं येतं, तुझी दुसरी नोकरी लागेपर्यंत काय लागेल ते मी पाठवीन. हे आईशी बोलून लिहितोय. पिस्तुलाचं मात्र तिला अजून सांगितलेलं नाही, ते तूच सांग.

पत्राचा मसुदा कंपनीला देण्याआधी मला पाठव. तारखा मी तपासून देतो. तुझी पाळी सुटते तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा वाजतात. गाडीत बसलीस, दार लावलंस की लगेच फोन कर, मी उचलीन.

तुझे,
आप्पा