गाडी येणार नाही, हे सांगायला गेलेल्या तात्यांना

आदरणीय तात्या,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा चढावर गाडी बंद पडली. मी बॉनेट उघडतोय तोवर वरच्या वाडीतली आठवीतली पोर गाडीतून उतरली आणि आडवाटेने धावत खाली फाट्यावर गेली. तिथे थांबलेल्या मुलांना म्हणाली, "गाडी येणार नाही, सव्वासातच्या एसटीने जा." तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. जे चार वर्षं बोलायचं राहिलंय ते आता लिहूनच टाकतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटीचा संप सुरू झाला आणि आपल्या मोरणा खोऱ्यातल्या वाड्या अडकून पडल्या. सरकारने संपापुरती खाजगी गाड्यांना प्रवासी न्यायला मोकळीक दिली, म्हणून मी पुण्यातली ड्रायव्हरकी सोडून जुनी सतरा सीटची गाडी घेऊन आलो. वाटलं होतं, गाडी आणली की लोक बसतील. तसं होत नाही. सकाळी खाली जाताना गाडी भरते, वर येताना रिकामी. दुपारी दोन्हीकडून रिकामी. डिझेल मात्र दोन्हीकडचं जळतं.

मदत मागायला कुठे कुठे गेलो, तुम्हाला ठाऊक आहे. एका ठिकाणी साहेब सहा वेळा "उद्या या" म्हणाले. एका पुढाऱ्याने सगळ्यांसमोर पाठीवर हात ठेवला आणि नंतर फोन उचलला नाही. कर्जासाठी गेलो तिथे कागद ठेवून घेतले, पुढे काहीच कळवलं नाही. "नाही" म्हणाले असते तरी चाललं असतं, तात्या. माणूस दुसरी वाट धरतो. पण कुणी "नाही"सुद्धा म्हणालं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. संपावर बसलेली तुमचीच माणसं, अर्ध्याअधिकांना तुम्ही हाताखाली शिकवलेलं. माझ्यासारख्याला साथ दिली तर ते काय म्हणतील, हा विचार तुमच्या मनात आला नसेल असं नाही. तरी तुम्ही ओट्यावर बसून मला एवढंच म्हणालात, "संप त्यांच्या पोटाचा आहे, तो बरोबरच आहे. पण पोरींची बारावी मार्चमध्ये आहे. वडापची जीप भरल्यावर सुटते, गाडी वेळेवर सुटते. तुला काय चालवायचंय ते ठरव." दुसऱ्या दिवसापासून पावणेसहा म्हणजे पावणेसहा. तीन माणसं असली तरी.

नवव्या दिवशी क्लचप्लेट गेली. डिसेंबरची थंडी, दाट धुकं, अजून उजाडायचं होतं. टेकाडावर चढून रेंज मिळवली आणि तुम्हाला फोन केला. माझा आवाज रडका झाला होता. तुम्ही "मेस्त्रीला पाठवतो" म्हणालात आणि फोन ठेवलात. मेस्त्री आला, गाडी दुपारपर्यंत लागली. मला वाटलं, तुमची मदत तेवढीच.

तीन दिवसांनी दूधवाल्याकडून कळलं. फोन ठेवल्यावर तुम्ही बॅटरी घेतलीत आणि दुखऱ्या गुडघ्याने चार किलोमीटर चालत फाट्यावर गेलात. तिथे रेंज नसते. अकरा माणसं थांबली होती. दोन कॉलेजच्या पोरी, कऱ्हाडला डोळे दाखवायला निघालेली म्हातारी, कॅन घेऊन दूधवाला. तुम्ही त्यांना सांगितलंत, "आज गाडी येणार नाही. थंडीत थांबू नका, वडाप बघा. उद्या पावणेसहाला येईल." आणि आलात तसे चालत परत गेलात. मला एका शब्दाने बोलला नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती अकराच्या अकरा माणसं फाट्यावर उभी होती! तेव्हा मला त्याचं कारण कळलं नव्हतं. म्हातारीने गाडीत चढताना माझ्या हातावर दोन पेरू ठेवले होते, तेही का ते कळलं नव्हतं. आता कळतं. आपण वाट बघतोय याची कुणाला तरी जाणीव आहे, हे त्या माणसांना आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं असेल. पैसे देणारी माणसं भेटतात, तात्या, ओळखी काढून देणारी भेटतात. दुसऱ्याचं ताटकळणं ज्याला स्वतःला टोचतं असा माणूस मी तुमच्याआधी पाहिला नव्हता.

एप्रिल २०२२ मध्ये एसटी परत आली. आमची मोकळीक संपली आणि ते योग्यच झालं. थांब्याथांब्याला प्रवासी घेत जायचं काम आपल्याकडे एसटीचं आहे. पुढे मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, ते मला कुठून परवडणार होतं? तेव्हाही तुम्हीच म्हणालात, एसटी फाट्यापर्यंत येते, फाट्याच्या वर कोण जातं ते बघ. गाडीला पिवळा रंग दिला, शाळेशी करार केला, बायको मदतनीस म्हणून गाडीत बसते. वरच्या दोन वाड्यांतल्या पोरी सातवीनंतर घरी बसायच्या. यंदा त्यातल्या चार दहावीला आहेत.

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. पट्टी निघाली की एकदा सकाळी या. पुढची सीट मोकळी ठेवतो. तुम्ही चालत यायचं नाही, मी दारात गाडी आणतो. पावसाळ्यात वेळ बदललीय, साडेपाचला निघतो.

तुमचा,
गाडीवाला