फेट्याआधीची लाली

पुणे,
१६ एप्रिल

प्रिय मन्या,

स.न.वि.वि. वगैरे तुझ्या सासरेबुवांसाठी राखून ठेवतो. रात्री पावणेदोनला तू धाडलेले अकरा फोटो सकाळी पाहिले. अकराच्या अकरा बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली, वरून फ्लॅश मारून काढलेले. अशा उजेडात माझं आजचं धडधाकट डोकंसुद्धा भाजल्यासारखं दिसेल. फोन केला असता, पण तू दर दोन वाक्यांनी "पण इतकं लाल का रे?" विचारतोस आणि माझं सांगणं तिथंच अडतं. म्हणून कागद घेऊन बसलोय. पत्र काकूंनाही वाचायला दे. पुढे त्यांचा विषय येणार आहे, रागावू नका म्हणावं.

आधी तुझ्या मनातलं. ९ तारखेला तुझं केसांचं ट्रान्सप्लांट झालं, आज सातवा दिवस, आणि ९ मेला मेहुण्याचं लग्न. जावई म्हणून फेट्याचा मान तुझा. तोवर ही लाली जाईल का? बहुतेक जाईल. नाही गेली तरी चार हातांवरून कळणार नाही इतकी फिकी पडेल. सर्वसाधारणपणे दोन ते चार आठवड्यांत ती उतरत जाते, गोऱ्या आणि नाजूक कातडीच्या माणसांना दोन-तीन महिनेही लागतात. तुला गोरा म्हणायची हिंमत तुझ्या बायकोनंही केली नसेल, त्यामुळे ती काळजी सोड. आपल्या सावळ्या रंगावर ही लाली नीट लाल दिसतच नाही. आधी विटकरी, मग जांभळट, शेवटी सांडलेल्या चहाच्या डागासारखी. मला पाच आठवडे लागले. त्यातला दीड आठवडा माझ्या स्वतःच्या कर्तबगारीचा. तेही सांगतो.

लाल का, तर तुझ्या पुढच्या भागात चोवीसशे ग्राफ्ट बसवलेत (ग्राफ्ट म्हणजे डोक्याच्या मागून मुळासकट काढलेला केसांचा बारीक पुंजका), म्हणजे चोवीसशे बारीक चिरा. मागे तितकीच छिद्रं, प्रत्येक जेमतेम मिलिमीटरभर. इतक्या जखमा भरायला अंगाला रक्त तिकडे पाठवावंच लागतं. रक्तवाहिन्या फुगतात, नव्या फुटतात, त्याचाच हा रंग. ग्राफ्ट पहिले दोन-तीन दिवस नुसत्या आजूबाजूच्या ओलाव्यावर तग धरतं, मग हळूहळू त्याची रक्ताशी गाठ पडते. तू जळगावचा, भरताच्या वांग्याचं रोप लावताना पाहिलंयस. लावल्यावर मान टाकतं ना? तेव्हा कुणी ते उपटून मूळ धरलं का बघत नाही. इथेही तसंच. ग्राफ्ट पक्कं बसायला नऊ-दहा दिवस लागतात. तू सातव्या दिवशी नखानं खपली उचलून पाहिलीस असं वहिनी म्हणाल्या. मन्या, मार खाशील.

आता करायचं काय. खरं सांगू, फार थोडं. डॉक्टरांनी दिलेला सलाईनचा स्प्रे त्यांनी सांगितले तितके दिवस मारत राहायचा. त्यानं खपल्या ओल्या राहतात, आणि खाज निम्मी होते. धुणं मात्र नीट शिकून घे, कारण लाली उतरण्याचं निम्मं काम तिथं आहे. मी कसा धुवायचो ते सांगतो. शॉवर बंद. बादलीत कोमट पाणी, हातात प्लास्टिकचा मग. बेबी शॅम्पू आधी तळहातावर घेऊन त्याचा फेस करायचा आणि तो फेस डोक्यावर नुसता टेकवायचा, जावळ काढलेल्या बाळाच्या टाळूला हात लावतात ना, तितक्या हलक्यानं. दहा मिनिटं तसाच बसायचो, स्टुलावर, ओलेता, आणि आई दाराबाहेरून "आत आहेस ना रे?" विचारायची. मग मगातून बारीक धार. पुसायचं नाही, मऊ पंचा नुसता टेकवायचा. दहाव्या दिवसापासून डॉक्टरांनी बोटांच्या पेरांनी गोल फिरवायची परवानगी दिली, तेव्हा खपल्या रव्यासारख्या हातात आल्या. चिकटून राहिलेल्या खपलीखाली लाली जास्त दिवस टिकते, म्हणून त्या वेळेवर पडायला हव्यात. पण पडायला हव्यात, पाडायच्या नाहीत.

झोप उंच उशीवर. मी आजोबांची आरामखुर्ची माळ्यावरून काढली होती. तुझी कपाळाची सूज उतरलेली दिसतेय फोटोत. माझी तिसऱ्या दिवशी डोळ्यांवर आली, दोन्ही डोळे मिटले, आणि आईनं मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढली. डॉक्टर म्हणाले, भूल देताना टोचलेलं पाणी खाली उतरतंय, दोन दिवसांत जाईल. गेलं. श्रेय अजून मोहऱ्यांनाच आहे.

आता माझी कर्तबगारी. नववा दिवस, एप्रिलची दुपार, खाज अशी की भिंतीला डोकं घासावं. आई म्हणाली, कोरफड लाव, थंड असते. गॅलरीत कुंडी होतीच. पात कापली, गर काढला, आणि तो पिवळा चीक निथळू न देता सगळं तसंच हेअरलाइनवर चोळलं. अर्ध्या तासात लाल मुंग्या डसल्यागत झालं. सकाळी आरशात पाहतो तर कपाळाच्या वर पुरळ, आणि फिकी होत आलेली लाली परत पहिल्या दिवसासारखी. धावत दवाखान्यात. डॉक्टर ओरडले नाहीत. शांतपणे त्यांनी विचारलं, "कुंडीला खत कुठलं घालता?" मी म्हटलं, शेणखत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो चष्मा मला आजही दिसतो.

तर काकू, कोरफड वाईट नाही. तो पिवळा चीक कातडीला झोंबतो, आणि कुंडीतली पात काही निर्जंतुक नसते. जखमा पूर्ण मिटल्यावर, डॉक्टर हो म्हणाले तर, विकत मिळणारं साधं, बिनवासाचं जेल चालतं. कांद्याचा रस, लिंबू, तुरटी, हळद-लोणी, गरम खोबरेल यातलं काहीही तूर्त नको. हळदीनं लाली जात नाही, पिवळ्याखाली झाकते. मग आत काय चाललंय ते डॉक्टरांनाही दिसत नाही.

मेडिकलवाल्याचं वेगळंच. मी खाजेसाठी काहीतरी मागितलं, तर त्यानं न विचारता एक ट्यूब पुढे सरकवली. घरी येऊन बारीक अक्षरं वाचली, तर जबरदस्त ताकदीचं स्टेरॉइड, वर बुरशीचं आणि जंतूंचं औषध मिसळलेलं. आपल्याकडे असल्या ट्यूबा टूथपेस्टसारख्या खपतात. त्यानं लाली चार दिवसांत बसतेही, पण लावत राहिलं तर कातडी पातळ होते, आणि सोडलं की लाली दुपटीनं येते. मला डॉक्टरांनी पुढे अगदी सौम्य स्टेरॉइड लोशन मोजून काही दिवस दिलं होतं, शिवाय रात्री खाजेची एक गोळी. त्याचं नाव मी तुला सांगणार नाही. माझं डोकं वेगळं, तुझं वेगळं. मिनॉक्सिडिल, ते केस वाढायला लावायचं औषध, परत कधी सुरू करायचं तेही त्यांनाच विचार, ते घाईनं लावलं तर स्वतःच चुरचुरतं.

तिसऱ्या आठवड्यात, खपल्या गेल्यावर, एक गंमत करून बघ. स्वच्छ बोट लाल जागेवर हलकेच दाबून उचल. क्षणभर पांढुरकं होऊन रंग परत आला, तर ती फुगलेल्या रक्तवाहिन्यांची लाली, आपोआप ओसरणारी. दाबूनही रंग हललाच नाही, तर तो मागे राहिलेला काळपट डाग असू शकतो. तो जायला जास्त महिने लागतात, आणि ऊन लागलं तर गडद होतो. म्हणून तुला सगळ्यात जास्त जपायचंय ते जळगावच्या उन्हापासून. अकरा ते चार घराबाहेर पडू नकोस. टोपी कधीपासून घालायची ते डॉक्टरांना विचार, आणि घातलीस तर ढगळ सुती. हेल्मेट इतक्यात नको, ते काढता-घालता घासतं. म्हणून बिनहेल्मेटची गाडी काढू नकोस, गाडीच काढू नकोस. मी महिनाभर रिक्षानं फिरलो आणि रिक्षात बसताना दोनदा वरच्या दांडीला डोकं आपटता आपटता वाचलो. व्यायाम आणि सिगारेट बंद. शेवभाजीसुद्धा जपून, तिखटानं तुझ्या टाळूला कसा घाम फुटतो ते मी कॉलेजपासून बघतोय, आणि तो घाम आता झोंबेल.

घाबरायचं कधी, तेही सांगतो. रोज थोडी कमी होणारी लाली ठीक. वाढत, पसरत जाणारी, गरम लागणारी, ठणकणारी, पू किंवा वास येणारी, सोबत ताप, किंवा एखादी जागा काळी पडत चाललीय, यातलं काहीही दिसलं तर फोटो मला नको, थेट दवाखान्यात. आणि फोनवर तिथला मदतनीस "होतं असं" म्हणाला तर डॉक्टरांशीच बोलायचंय म्हणून ठणकाव. व्हिडिओ पाहून शिकलेल्यांनी या शस्त्रक्रियेला हात घालू नये, असं २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला लेखी बजावावं लागलं होतं, यावरून काय ते समज.

अजून एक, म्हणजे नंतर माझ्या नावानं खडे फोडू नकोस. लाली उतरेल त्याच सुमारास लावलेले केस गळायला लागतील. उशीवर, पंच्यावर, सगळीकडे. मी तेव्हा बाथरूमात बसून रडलो होतो, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुळं आत शाबूत असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोंब दिसतात आणि खरं रूप यायला वर्ष लागतं. न्यूयॉर्कच्या ऑरेन्ट्राइक नावाच्या डॉक्टरनं १९५९ सालीच दाखवून दिलंय की मागचा केस पुढे नेऊन लावला तरी तो मागच्याच गुणानं वागतो, म्हणजे टकलाच्या जागीही टिकून राहतो. गावाकडचा माणूस मुंबईत जाऊनही पहाटे पाचला उठतो तसं.

आता लग्न. फेटा आवळून बांधून घ्यायचा नाही. आमच्याकडचा फेटेवाला तर कपाळावर पाय देऊन ओढतोय असं वाटतं. डॉक्टरांनी होकार दिलाच, तर आधीच बांधून ठेवलेला, एक माप मोठा, तयार फेटा आण. आत मऊ सुती रुमाल, आणि फोटो झाले की उतरव. ते नको म्हणाले तर मान उपरण्यावर भागव, सासरेबुवांशी मी बोलतो.

आणि लोक विचारणारच. माझ्या चौथ्या आठवड्यात भाच्याची मुंज होती. आत्यानं भर मांडवात विचारलं, "डोक्याला काय झालं रे?" मी म्हटलं, घामोळं. झालं, दहा मिनिटांत दोन पावडरी आणि चंदनाची एक वडी हजर, आणि ती स्वतः सहाणेवर उगाळायला बसली. शेवटी खरं सांगून टाकलं. आत्या दोन मिनिटं गप्प झाली, मग म्हणाली, "दुखलं का?" जेवणानंतर मामांनी हळूच खांबाआड घेतलं, स्वतःची टोपी वर केली, आणि विचारलं, "इतक्याला किती घेतील?"

तुझा,
अव्या

ता. क. रोज एकच फोटो. सकाळी नऊला, खिडकीपाशी, फ्लॅशशिवाय. रात्री पावणेदोनला आलेला उघडणार नाही.