भूसुरुंग नव्हे हो, सुरुंग!

संपादक महाशय, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला व्हिएन्नाच्या वेढ्यावरचा लेख वाचला. फोटो छान. पण 'तुर्कांनी तटाजवळ भूसुरुंग पेरले' हे वाचलं आणि चहा तसाच गार झाला. पाय पडला की उडतो तो भूसुरुंग, तुर्कांचा सेनापती कारा मुस्तफाने १६८३ साली तो आणला कुठून? अहो त्याच्याकडे तट पाडायला पुरेशा जड तोफाच नव्हत्या म्हणून तर त्याची माणसं जमिनीखालून बोळ खणत तटाच्या पायापर्यंत गेली, तिथे दारू ठासून बत्ती दिली, याला मराठीत सुरुंगच म्हणतात, आपल्या चाकणला १६६० मध्ये शायिस्तेखानाने बुरूज उडवला तो असाच. इंग्रजीत दोन्हीला 'माइन' हा एकच शब्द, म्हणून मराठीतही एकच?

मी २८ वर्षं बोगद्याच्या कामावर होतो. एकदा खडकात बारा होल दारूने भरले, आवाज मोजले तर अकराच. साहेब म्हणाले आत जा, टाइम जातोय. मी नाही गेलो आणि माझी माणसंही नाही सोडली. मेमो मिळाला. बारावा होल दुसऱ्या दिवशी सापडला, दारूसकट. मेमो काही परत घेतला नाही कोणी, असो. सांगायचं एवढंच की त्या व्हिएन्नावाल्यांनी तळघरात कान लावून, खालून खणण्याचा आवाज येतोय का हे ऐकत दोन महिने कसे काढले असतील ते मला कळतं. ४ सप्टेंबरला बुर्ग बुरुजाखाली सुरुंग उडाला, खिंडार पडलं, तरी आतल्यांनी ते लढून धरलं, वर हगवणीची साथ. बादशहा लिओपोल्ड आधीच पासाउला पळालेला! तुमच्या लेखात शहर लढवणाऱ्या सेनापती श्टारहेम्बर्गला एक ओळ, आणि १२ तारखेला काहलेनबर्गच्या डोंगरावरून मदतीला उतरलेल्या पोलंडच्या राजा सोबिएस्कीच्या घोडदळाला अख्खं पान. घोडे आले संध्याकाळी हो, सकाळपासून बादशहाचा सेनापती लॉरेनच्या ड्यूकचं पायदळ लढत होतं त्याचं काय?

शेवटी क्रोसाँची, म्हणजे त्या चंद्रकोरीच्या आकाराच्या पावाची गोष्ट आहेच, बेकरीवाल्यांनी रात्री खणण्याचा आवाज ऐकला आणि मग तो पाव केला वगैरे. ती दंतकथा आहे, निदान 'म्हणे' तरी लिहायचं.

आणि हो, गेल्या शनिवारच्या शब्दकोड्याचं उत्तर अजून छापलेलं नाही. आडवा ७ काय होता?

आपला,
एक जुना वाचक