नात झाली, आणि घड्याळाची गोष्ट

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय सुमे,

नात झाल्याचं फोनवर सांगितलंच, पण तू ‘सीझर का झालं’ यातच अडकलीस आणि खरी गंमत राहून गेली.

इथे बाळंतिणीचे दिवस नाही, तास मोजतात. तेही कायद्याने! साधं बाळंतपण असेल तर 48, सीझर असेल तर 96 तासांच्या आत विमा कंपनीला दवाखान्यातला मुक्काम तोडता येत नाही. पोर सोमवारी पहाटे 4 वाजून 10 मिनिटांनी झाली, तेव्हा जावयाने ती वेळ पेनाने हातावरच लिहून घेतली. मला वाटलं, पत्रिकेसाठी!

मंगळवारी विमा कंपनीच्या बाईचा फोन. म्हणे, 48 तास मंजूर, बुधवारी घरी न्या. जावयाने मनगटाकडे बघत सांगितलं, “सीझर आहे. शुक्रवार पहाट.” बाईने पाच मिनिटं नुसतं संगीत ऐकवलं आणि मग निमूट कबूल केलं.

बरंच झालं ग. बुधवारी संध्याकाळी पोरीच्या डोळ्यांत पिवळी झाक दिसली. कावीळ. रात्रभर निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर इवलीशी पट्टी. घरी असतो तर मी सकाळच्या उन्हाची वाट बघत बसले असते.

पूर्वी इथल्या कंपन्या एका दिवसात बाळंतिणीला वाटेला लावायच्या. लोक त्याला ‘ड्राइव्ह-थ्रू डिलिव्हरी’ म्हणायचे, गाडीत बसूनच बर्गर घ्यावा तसं. आपण टाके निघेपर्यंत खाटेवर होतो, आठवतं? ओरड झाली, न्यू जर्सीने 1995 मध्ये राज्यापुरता कायदा केला आणि 1996 च्या सप्टेंबरात क्लिंटनने देशभराच्या कायद्यावर सही केली. डॉक्टर आईशी बोलून लवकर सोडू शकतो. पण कंपनीला त्याच्यावर दबाव आणता येत नाही, की आईला ‘लवकर जा, पैसे देतो’ म्हणता येत नाही. म्हणजे असंही कुणाच्या तरी डोक्यात आलं असणार! मेख एकच: बाळंतपणाचा खर्च विम्यात घ्यायलाच हवा, असं हा कायदा म्हणत नाही. आमच्या लेकीच्या विम्यात होता म्हणून निभावलं.

आता तीस दिवसांच्या आत पोरीला विम्यात घालायचंय, फॉर्मवर नाव मागतात, आणि आईबापांचं अजून ठरत नाही. गोऱ्यांच्या जिभेला झेपेल असं दोन अक्षरी नाव सुचलं तर लगेच कळव. बाळंतशोपही संपत आलीये, येणाऱ्या कुणाबरोबर धाड.

तुझी,
शैला